रुग्णवाहिकेला वाट दिली आणि सिग्नल तोडल्याचं चलान आलं. भरावं की कोर्टात जावं?

रानजाई | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. आठवडाभर घरात हाच एक विषय चाललाय आणि आमचं काही ठरत नाही, म्हणून इथे मांडते.

१ ऑगस्टला शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून स्कूटरवर घरी येत होते. मागे ऑफिसातलीच मैत्रीण बसली होती. एका मोठ्या चौकात लाल दिवा लागला आणि मी स्टॉप लाइनला अगदी पहिली थांबले. उजवीकडे दुभाजक, डावीकडे रिक्षा, मागे एक मोटार. तेवढ्यात सायरन. आरशात पाहिलं तर रुग्णवाहिका त्या मोटारीच्या मागेच अडकलेली. मोटारवाला हॉर्न देत होता, पण मी हलल्याशिवाय तोही हलू शकत नव्हता. मी पांढरी रेघ ओलांडून स्कूटर झेब्रा क्रॉसिंगवर तिरकी डावीकडे घेतली आणि तिथेच पाय टेकून उभी राहिले. मोटार पुढे सरकली, रुग्णवाहिकेला दुभाजकाकडून जागा झाली, ती निघून गेली. सिग्नल हिरवा झाल्यावर मी निघाले.

सोमवारी बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला, कारण स्कूटर त्यांच्या नावावर आहे. सिग्नल न पाळणे, कलम ११९/१७७, तडजोड शुल्क ५०० रुपये.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. आयुष्यभर गाडी चालवली, पण सिग्नल तोडल्याची एक नोंद त्यांच्या नावावर नाही. ते म्हणतात, "एक पैसा भरायचा नाही. वाट दिल्याचा दंड भरलास तर पुढच्या वेळी सायरन ऐकून तू हलशील का?" मला मात्र वाटतं की पाचशे रुपयांसाठी रजा टाकून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? आणि समन्स आलं तर ते बाबांच्या नावाने येणार. या वयात त्यांना तिथे उभं करायचं माझ्या मनात नाही.

पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला असं होतं का? न भरता लढायचं ठरवलं तर नेमकं काय होतं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

टेकडीवाला | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

भरून टाका आणि मोकळ्या व्हा. अर्ध्या दिवसाची रजा, जाण्यायेण्याचा खर्च, वकील केलात तर त्याची फी. पाचशे रुपयांपुढे हा हिशोब बसत नाही. शिवाय गाडी विकायला काढली की पेंडिंग चलान आडवं येतं, घेणारा आधी तेच तपासतो. बाबांची भावना समजते, पण कोर्टात कोणाची बाजू खरी यापेक्षा कोणाकडे काय कागद आहे ते बघतात.

दुपारचा_चहा | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९:५२

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. मेसेज खरा आहे ना? ई-चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून मोबाइल हॅक करण्याचे प्रकार चालू आहेत. मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरू नका, कुठलीही एपीके (मोबाइलवर ॲप टाकणारी) फाइल उघडू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे टाका. चलान खरं असेल तर फोटोसकट तिथे दिसेल.

रानजाई | १० ऑगस्ट २०२५, रात्री १०:०५

हो, संकेतस्थळावर पाहिलं. खरंच आहे. दोन फोटो आहेत, दोन्ही मागून काढलेले. नंबरप्लेट स्वच्छ दिसते आणि वर लाल दिवाही दिसतो. रुग्णवाहिका दोन्हीत नाही, फोटो फक्त माझ्या स्कूटरभोवतीचा आहे.

सरळरेषा | १० ऑगस्ट २०२५, रात्री १०:३१

इथे सगळे सहानुभूती दाखवतील, पण मी स्पष्ट लिहितो. लाल दिवा असताना रेघ ओलांडली हे तुम्हीच सांगताय. आडव्या रस्त्याला तेव्हा हिरवा दिवा होता. तिकडून भरधाव येणाऱ्याला तुमच्यामागे रुग्णवाहिका आहे हे कसं कळणार? रुग्णवाहिकेला वाट देताना आपण झेब्रावर जाऊन उभे राहिलो तर पायी चालणारा जातो कुठे? माझ्या आईला झेब्रावरच दुचाकीची धडक बसली होती, त्यामुळे या बाबतीत मी कडक आहे. हेतू चांगला होता हे मान्य, तरी नियम मोडला गेलाच.

कृष्णाकाठ | १० ऑगस्ट २०२५, रात्री ११:०२

सरळरेषा, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ई आलं. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न दिल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे ही बाई जागेवरून हलली नसती तर दहा हजारांचा गुन्हा, आणि हलली म्हणून पाचशेचा. दोन्हीकडून चालकच अडकणार असेल तर चालकाने करायचं काय? रानजाई, तुमचे बाबा बोलले ते मला शंभर टक्के पटलं.

मालवाहू | ११ ऑगस्ट २०२५, सकाळी ७:२०

आमचा ट्रकचा धंदा आहे, चलान हे आमचं रोजचं दुखणं. जुलैच्या सुरुवातीला राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला तो ई-चलानच्याच जाचापायी. माल उतरवायला गाडी उभी असली तरी फोटो, नाक्यावर रांगेत असली तरी फोटो. संपानंतर वाहतूक पोलिसांच्या वरच्या कार्यालयातून परिपत्रक निघालं, की खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करायचं नाही. म्हणून फोटो कशाने काढलाय ते आधी बघा: चौकातला कॅमेरा, पोलिसाचं चलान मशीन, की कोणाचा तरी मोबाइल?

आम्ही ठरवून टाकलंय. फोटोत आपली चूक स्पष्ट दिसते ते चलान त्याच आठवड्यात भरायचं, त्यावर वाद घालायचा नाही. फोटो आणि कलम यांचा मेळ बसत नाही तेवढ्यावरच तक्रार टाकायची. सगळ्यांवरच तक्रारी टाकल्या की खरी तक्रारही कोणी वाचत नाही.

सोलापूरची_वकील | ११ ऑगस्ट २०२५, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. फौजदारी आणि मोटार वाहनाची कामं करते, त्यामुळे ज्यावर नेहमी गोंधळ होतो तेवढं सांगते.

रानजाई, चलान म्हणजे शिक्षा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली शासनाने ठरवलेलं तडजोड शुल्क भरा आणि विषय मिटवा, असा तो प्रस्ताव असतो. ते भरलं की खटला उभाच राहत नाही आणि कोर्टाने दोषी ठरवलं अशी नोंदही होत नाही. कोर्टात उभं राहून "गुन्हा कबूल" म्हणणं ही वेगळी गोष्ट, तिथे दोषसिद्धी लागते. बरेच जण चलान भरत नाहीत, समन्स आल्यावर घाबरून जातात आणि तिथे कबुली देऊन येतात. म्हणजे दंडही गेला आणि नोंदही झाली. भरायचंच असेल तर आत्ता भरा. लढायचं असेल तर कोर्टात गेल्यावर डगमगू नका.

आता जोखीम किती, ते कलमावर अवलंबून आहे. तुमच्या चलानवर ११९/१७७ आहे. १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये आणि नंतरच्या गुन्ह्याला १,५०० पर्यंत दंड आहे, कैद नाही. म्हणजे पहिलंच चलान असेल आणि तुम्ही खटला हरलात, तरी दंडाची रक्कम आजच्यापेक्षा वाढत नाही. हेच १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याखाली लावलं असतं तर मी दहा वेळा विचार करायला सांगितलं असतं. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लाल सिग्नल तोडणं घातलेलं आहे, आणि तिथे दंड १,००० ते ५,००० आणि ६ महिने ते १ वर्ष कैदेचीही तरतूद आहे. टेकडीवाला यांचा हिशोब वेळेच्या बाबतीत बरोबर आहे. फक्त कोर्टात गेलं की दंड दुप्पट-तिप्पट होतो, ही भीती तुमच्या प्रकरणात नाही.

कॅमेऱ्यावरून झालेल्या चलानसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७ अ आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. फोटोत उल्लंघन आणि नंबरप्लेट दिसायला हवी, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. तुमची तीन दिवसांत आली, म्हणजे तो मुद्दा गेला. खटला चालला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात हेच ६५ ब म्हणून ओळखलं जायचं.

आणि कृष्णाकाठ, तुमची तळमळ पटते, पण १९४ ई चा असा अर्थ कोर्टात आपोआप लागत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत तातडीच्या कामावरच्या रुग्णवाहिकेला काळजी घेऊन लाल दिवा ओलांडायची मुभा आहे. ही मुभा त्या गाडीला. वाट देणाऱ्याने लाल दिवा ओलांडला तर चालेल असं स्पष्ट शब्दांत कुठे लिहिलेलं नाही. बचाव घ्यायचा तर भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या, कलम १९ चा घ्यावा लागेल: मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेली कृती. तो बचाव उभा राहू शकतो, पण सायरन होता हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. मागे बसलेली मैत्रीण साक्षीदार आहे. तिला आजच, आठवतंय तोवर, सगळं लिहून काढायला सांगा.

टेकडीवाला | ११ ऑगस्ट २०२५, दुपारी १:५०

वकीलताई, भरणं म्हणजे दोषी ठरणं नाही, हे मला नवीन कळलं. मग तर भरायला आणखीच हरकत नाही असं मला वाटतं.

निवृत्त_हवालदार | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ८:३३

वाहतूक शाखेत बरीच वर्षं काढली, शेवटी कंट्रोल रूममध्येही बसलो. रानजाई ताई, आत काय घडतं ते सांगतो.

कॅमेरा उल्लंघन टिपतो आणि नंबर वाचतो. मग माणूस पडद्यावर फोटो बघतो आणि मंजूर किंवा नामंजूर करतो. समोर ढीग असतो. एका फोटोला मिळतात काही सेकंद. त्याला सायरन ऐकू येत नाही, तुमच्यामागे काय होतं ते दिसत नाही. रेघेच्या पुढे चाक, वर लाल दिवा, नंबर जुळला, की मंजूर. त्यात कोणाचा आकस नसतो.

म्हणून तक्रारीत "रुग्णवाहिका होती" एवढंच लिहू नका. असं रोज शंभर जण लिहितात आणि त्यातले बरेच खोटं लिहितात. तुमच्याकडे दोन फोटो आहेत म्हणालात. दोन्ही मोठे करून बघा. प्रत्येकावर वेळ सेकंदांसकट छापलेली असेल. ती उतरवून घ्या. मग बघा, दोन्ही फोटोंत स्कूटर झेब्राच्या कितव्या पट्ट्यावर आहे. ब्रेकचा दिवा लागलाय का. पाय जमिनीवर आहे की फूटबोर्डवर. सिग्नल तोडून जाणारा माणूस दोन फोटोंत दोन जागी दिसतो.

रानजाई | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ९:२०

काका, आत्ता बाबा आणि मी लॅपटॉपवर बसून पाहिलं.

पहिल्या फोटोवर १८:४२:०७, दुसऱ्यावर १८:४२:११. दोन्हीत मागचं चाक डावीकडून तिसऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर, अगदी त्याच जागी. पट्ट्याचा रंग एका ठिकाणी उडालाय, चाक त्याच्यावरच आहे. मागचा दिवा दोन्हीत भडक लाल. माझा डावा पाय खाली, चप्पल रस्त्याला टेकलेली. मैत्रीण मान वळवून मागे बघतेय. आणि जी रिक्षा माझ्या शेजारी होती ती पहिल्या फोटोत आहे तिथेच दुसऱ्यातही आहे, म्हणजे सिग्नल सुटलेला नव्हता.

गेला आठवडाभर आम्ही हे फोटो बघत होतो आणि नजर सारखी नंबरप्लेटवरच जात होती.

निवृत्त_हवालदार | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ९:३८

मग तुमची तक्रार तयार आहे. चार सेकंद गाडी एका जागी, ब्रेक दाबलेला, पाय खाली, मागची बाई मागे बघतेय. माणूस सिग्नलला उभा असताना मागे केव्हा बघतो? मागून काहीतरी येत असतं तेव्हा. हे बघणाऱ्यालाही पटेल.

अजून एक. चौकाचं पूर्ण दृश्य दाखवणारा दुसरा कॅमेरा बहुतेक ठिकाणी असतो. त्याचं रेकॉर्डिंग कायम ठेवत नाहीत, जुनं पुसून त्यावर नवीन चढतं. म्हणून १८:४० ते १८:४५ ची क्लिप जपून ठेवा, असा लेखी अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या. क्लिप तुम्हाला लगेच देतील असं नाही. पण मागितल्याची तारीख कागदावर राहते.

सोलापूरची_वकील | ११ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१०

हवालदारसाहेबांचा सल्ला लाखमोलाचा आहे. त्यात भर: त्याच क्लिपसाठी माहिती अधिकारातही अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रुग्णवाहिका १०८ ची असेल तर त्या वेळी त्या चौकाजवळून त्यांची गाडी गेली होती का, एवढंच विचारता येईल. रुग्णाची कसलीही माहिती मागू नका, ती मिळणार नाही आणि मागूही नये.

एक सावधगिरीही सांगते. गाडी थांबलेली होती हे सिद्ध झालं तरी स्टॉप लाइन ओलांडली हे उरतंच. समोरून तेवढा मुद्दा येईल. तुमचं उत्तर एवढंच असायला हवं: ओलांडली, का ओलांडली ते हे, आणि पुढे न जाता तिथेच थांबले. अर्धं लपवून सांगू नका. न्यायाधीश रोज अशी डझनावारी प्रकरणं ऐकतात, त्यांना लपवलेलं लगेच कळतं.

सरळरेषा | ११ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४४

चार सेकंद एकाच पट्ट्यावर असतील तर सिग्नल तोडला असं म्हणता येणार नाही, हे मी मान्य करतो. आडव्या वाहतुकीत शिरलात असं मी समजत होतो. झेब्रावर उभं राहण्याबद्दलचं माझं मत कायम आहे, पण या चलानवर जे कलम आणि जो प्रकार लिहिलाय तो फोटोशी जुळत नाही. तक्रार करा.

स्लाउकर | १२ ऑगस्ट २०२५, पहाटे २:०५

इंग्लंडमधून लिहितोय. इकडे याच प्रश्नावर सरळ सांगितलं जातं, की रुग्णवाहिकेसाठीसुद्धा लाल दिवा ओलांडू नका. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड होऊ शकतो, तिची वाट ती काढेल. सुरुवातीला मला हे फार निष्ठुर वाटायचं. पण इथे रस्त्याच्या कडेला सरकायला जागा असते आणि रुग्णवाहिकेचा चालक स्वतः विरुद्ध बाजूने काळजीपूर्वक सिग्नल ओलांडतो. आपल्याकडे मध्ये उंच दुभाजक आणि मागे गच्च गर्दी, तिथे तोच नियम लावला तर रुग्णवाहिका सिग्नल सुटेपर्यंत अडकणार.

लढण्याचा हिशोबही इकडे वेगळा आहे. लाल दिव्याला सरळ भरलं तर १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. कोर्टात जाऊन हरलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, वर कोर्टाचा खर्च. म्हणून बाजू खरी असूनही लोक भरून टाकतात. तुमच्या वकीलताई म्हणतात तसं हरूनही रक्कम वाढत नसेल, तर मी तुमच्या जागी नक्की लढलो असतो.

खानदेशी_भरीत | १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:१८

तक्रार टाकून चलान रद्द होतं का, तर होतं. माझ्या भावाला तो कधी गेलाच नाही अशा शहरातून चलानं येऊ लागली. फोटोतली गाडी तीच कंपनी, तोच रंग, तोच नंबर. पण त्या गाडीच्या आरशाची टोपणं काळी होती आणि भावाच्या गाडीची चंदेरी. मागच्या काचेवर भावाने कुलदैवताचं नाव लिहिलंय, फोटोतली काच कोरी. त्याने आरसी, दोन्ही बाजूंचे फोटो आणि त्या दिवशी गाडी आपल्याच गावात होती हे दाखवणारी पेट्रोल पंपाची पावती जोडली, पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि चलानं रद्द झाली. याच वर्षी जानेवारीत मुंबईत ताज हॉटेलसमोर एकाच नंबरच्या दोन मोटारी आमनेसामने आल्या होत्या, आठवत असेल. खऱ्या मालकाला तोवर दुसऱ्याची चलानं येत होती.

थोडक्यात, फोटोतल्या वस्तूंवर बोट ठेवून लिहिलेली तक्रार वाचली जाते.

पायवाट | १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:४०

१३ सप्टेंबरला राष्ट्रीय लोकअदालत आहे. तिथे नेऊन कमी करून घेता येत नाही का? आमच्या ओळखीत बरेच जण त्याचीच वाट बघत थांबलेत.

सोलापूरची_वकील | १२ ऑगस्ट २०२५, दुपारी २:०२

लोकअदालत तडजोडीसाठी असते. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा तिथे होत नाही. रक्कम कमी होईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, ते त्या त्या वेळी ठरतं. आणि तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चूक मान्य आहे, चलानं बरीच साठलीत, एकदम निकाली काढायचीत, अशांसाठी लोकअदालत उत्तम. रानजाईंना चूकच मान्य नाही, तर तिथे जाऊन त्या काय तडजोड करणार?

आणि वाट बघत थांबणाऱ्यांपैकी काही जण मला विचारतात, की सहा महिन्यांत खटला भरला नाही तर चलान आपोआप बाद होतं ना? नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत आहे हे खरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या, कलम ५१४ मध्ये ती दिलीय. पण कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, आणि तुमच्या खात्यावरचं चलान स्वतःहून पुसलं जात नाही. त्या भरवशावर कोणी राहू नका.

रानजाई | १२ ऑगस्ट २०२५, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तक्रार टाकली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून चाक, ब्रेकचा दिवा आणि पाय यांना गोल केले, वेळ लिहिली, आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. रेघ ओलांडली हेही लिहिलं. मैत्रिणीने एका पानावर सही करून दिलं. क्लिप जपून ठेवण्याचा अर्ज दुपारी देऊन आले, पोच मिळाली. माहिती अधिकाराचा अर्जही गेला.

कृष्णाकाठ | २४ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ६:१२

रानजाई, काही उत्तर आलं का?

रानजाई | ३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:०८

गौरी-गणपतीच्या गडबडीत इकडे यायला जमलं नाही. तक्रारीचं उत्तर आलंय. नामंजूर. शेरा एका ओळीचा: "फोटोमध्ये उल्लंघन दिसून येते." फोटोतल्या वेळेबद्दल किंवा रुग्णवाहिकेबद्दल एक शब्द नाही.

मला राग आला तो या एका ओळीचा. मी चार मुद्दे लिहिले होते. एकाचं जरी उत्तर देऊन नाही म्हटलं असतं तर कदाचित मी भरून टाकलं असतं. बाबा शांत होते. म्हणाले, "आता तू ठरव, मी काही बोलणार नाही."

मी ठरवलंय. भरणार नाही. समन्स आलं की जाणार आणि गुन्हा नाकबूल सांगणार.

टेकडीवाला | ३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२५

मी पहिल्या दिवसापासून भरा म्हणत होतो, पण ते फोटोचं वाचल्यापासून माझंही मत बदललंय. जा तुम्ही. फक्त ऑफिसात रजेचं आधीच सांगून ठेवा, पहिल्या तारखेला काम होईलच असं नाही.

मालवाहू | ३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५७

नामंजुरीच्या त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा. तक्रार न वाचता उत्तर दिलं, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.

सोलापूरची_वकील | ४ सप्टेंबर २०२५, दुपारी १:३०

ठरलं असेल तर आता कामाच्या गोष्टी.

व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, कोर्टात प्रकरण गेलं तर मोबाइलवर मेसेज येईल. संकेतस्थळावर दोन पर्याय असतात, दंड भरायचा आहे किंवा खटला लढवायचा आहे. दुसरा निवडलात की प्रकरण नेहमीच्या कोर्टात वर्ग होतं. घाईत पहिला दाबू नका.

बाबांबद्दल: गाडी त्यांची, पण चालवत तुम्ही होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता ही माहिती मागितल्यावर मालकाने द्यायची असते. ती मागण्याची वाट बघू नका. बाबांच्या सहीने आत्ताच लेखी कळवा, की त्या वेळी गाडी माझी मुलगी चालवत होती, तिचा लायसन्स नंबर हा. त्याची पोच घ्या. तरीही समन्स बाबांच्या नावाने आलं तर पहिल्या तारखेला ते हजर असलेले बरे. हे पत्र दाखवलं की पुढे तुम्ही उत्तर द्याल.

न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. "नाही" एवढंच म्हणा. कहाणी तेव्हा सांगायची नसते. पुढच्या तारखेला पोलिसांना पुरावा द्यावा लागेल: मूळ फोटो, कलम ६३ चं प्रमाणपत्र, यंत्राच्या मान्यतेचे कागद. तुम्ही आधी मागितलेल्या क्लिपबद्दल तेव्हा विचारता येतं. अशा प्रकरणात वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण पहिल्या तारखेपुरता एखादा स्थानिक वकील बरोबर असला तर धीर येतो.

फोटोंच्या मोठ्या, रंगीत प्रती काढा. मोबाइलवर दाखवू नका. आणि दोन्ही फोटो एकाच पानावर वर-खाली छापा, म्हणजे तिसरा पट्टा एका नजरेत दिसेल.

रानजाई | ४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१५

पत्र लिहून झालं, बाबांनी सही केली, उद्या देऊन येते. क्लिपच्या माहिती अधिकार अर्जाची मुदत ११ तारखेला संपतेय. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं ना?

सोलापूरची_वकील | ४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४१

हो, त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे. मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत. मूळ अर्जाची आणि पोचपावतीची प्रत जोडा. समन्स आलं की इथे तारीख लिहा, त्याआधी एकदा सगळे कागद मिळून बघून घेऊ.